गोठा म्हणून लिहिलेलं घर

ओवे, ता. पनवेल
१४ मार्च २०११

चि. जीवन यास सुनीताताईचा आशीर्वाद.

तू, रिया आणि पोरगी खुशाल असाल. आईचा गुडघा सुजलाय, पण ऐकते कुठे! अंगणात वाल वाळत घातलेत, तुझ्या वाटचे तिने वेगळे काढलेत. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

गेल्या मंगळवारी जमीन घेणाऱ्या सरकारी ऑफिसची माणसं दारावर नोटीस चिकटवून गेली. सरकारी जागेवरचा अनधिकृत गोठा पंधरा दिवसांत काढा, नाहीतर पाडू. आई ओटीवर बसली होती. त्यांना म्हणाली, “बाबांनो, या गोठ्यात गाय नाय, म्हैस नाय, मीच हाय. मला कुठं बांधता?” ते हसले. मी दाराचा अडसर उचलला होता, आईने हात धरला म्हणून त्यांची डोकी वाचली.

काय ते सरकारी डोकं! आपली शेती घेतली, तिच्यावर टॉवर चढवले. बदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड, पण घर गावठाणाच्या रेषेबाहेर असेल तर तेवढी जागा भूखंडातून वजा. रेषा आजोबांच्या वेळची, आपलं घर तिच्याबाहेर. घरं वाढली ती कुठे बांधायची होती, आभाळात?

तेव्हा तूच म्हणालास, “ताई, अर्जात घर लिहू नको, गोठा लिही. कच्चा गोठा धरत नाय ते.” भूखंड पुरा मिळाला. मी माझ्या वाट्याच्या हक्कसोडीवर सही केली. तू भूखंड बिल्डरला दिलास आणि खारघरला आठव्या मजल्यावर जाऊन बसलास. आईला महिन्याभरात नेणार होतास. पाच वर्षं झाली. लिफ्टमध्ये तिला चक्कर येईल म्हणतोस. तुझी लिफ्ट तिने पाहिली तरी आहे का, मेल्या?

तुझ्यावर तोंडसुख घेणं सोपं आहे. पण तो अर्ज माझ्या हातचा. आईने विचारलं होतं, “काय लिवलंस?” मी म्हणाले, “आपलं घर,” आणि तिचा अंगठा धरून कागदावर टेकवला. अंगणवाडीत पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवते मी! भाऊ मार्गी लागू दे, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. माझी मला लाज वाटते.

काल आईला सगळं सांगितलं. तिने निवडलेले वाल सुपात सारले. मग म्हणाली, “गोठ्यात वासरं जल्मतात, सुनीते. मी तुमाला दोगांना आतल्या खोलीत जल्म दिला.” शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवारी अकरा वाजता पनवेलला या नोटिशीची सुनावणी आहे. हे घर आहे, गोठा कधीच नव्हता, असं मी लिहून देणार. खोटा अर्ज माझा, हेही लिहिणार. तो कुणी लिहायला सांगितला ते विचारतील. तू शेजारी उभा असलास तर तू सांग. नसलास तर मी सांगेन. मग तुझ्या भूखंडाचं प्रकरण उकरलं गेलं आणि बिल्डर तुझ्या दारात आला, तर मला फोन करू नकोस.

यायचं तर आदल्या दिवशी ये, वाल घेऊन जा. आईने अजून तुझं नाव टाकलेलं नाही.

त्याच गोठ्यात तुझ्याआधी जन्मलेली,
सुनीताताई