गोदामातली मोजदाद

प्रिय बाबा,

फोनवर तू "बरं, बरं, आईशी बोल" म्हणून सटकतोस, म्हणून लिहितेय. मामा उद्या तिकडे येतोय, त्याच्या हातून हे मिळेल. त्याच्यासमोर फोडू नकोस, आईसमोरही नको. एकटा असताना वाच आणि मध्येच उठून नळ दुरुस्त करायला जाऊ नकोस. अवघड काही कानावर आलं की तुला घरातला कुठला तरी स्क्रू ढिला दिसायला लागतो, हे मला चांगलं ठाऊक आहे.

ऑफिसात मी आता जुनी झालेय. नव्या विद्यार्थ्यांना कॉफीच्या मशीनचं कुठलं बटण दाबायचं नाही ते मीच दाखवते. ऑडिट फर्ममध्ये लागले तेव्हा तू गावभर सांगत सुटला होतास, की पोरगी शिकता शिकता पगार घेते आणि मोठमोठ्या मालकांना जाब विचारते. प्रत्यक्षात मी कितीतरी दिवस नुसत्या झेरॉक्स काढत होते, पण तुला तसं सांगणं जिवावर आलं. पहिल्या पगारातून तुला जाड तळव्यांचे बूट घेतले, तर खराब होतील म्हणून तू ते घालेचनास. तेव्हाच एकदा जेवताना मी आमचे नियम फुशारकीने सांगितले होते. जिथे आपलं माणूस नोकरीला असेल, तिथल्या तपासणीला जायचं नाही. चुकून नाव आलंच तर आधी सांगायचं, लपवलं तर सरळ घरी बसवतात. तू जेवायचं थांबून ऐकत होतास. मला वाटलं, कौतुकाने ऐकतोयस.

त्या दिवशी माझं जायचं ठरलंच नव्हतं. आमच्यातला एकजण आजारी पडला, ऐनवेळी मला गाडीत बसवलं, आणि निम्मा रस्ता गेल्यावर कळलं की मोजदाद तुझ्याच कारखान्यात आहे. मी आमच्या सीनियरला सांगणार होते, पण ती वाटभर फोनवर होती. उतरल्यावर सांगू म्हटलं. उतरते तो तू समोर, गोदामाच्या किल्ल्या घेऊन. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "या मॅडम, इकडून या." बाबा, तू मला अहो-जाहो केलंस, आणि तेही इतक्या सहज, की क्षणभर मीच गोंधळले. मग मीही तशीच तुझ्यामागून आत आले.

तुझं गोदाम मी लहानपणापासून ऐकत आलेय, पाहिलं पहिल्यांदाच. तू शिडीवर चढून खोकी मोजायचास आणि आकडा मोठ्याने सांगायचास. आम्ही खालून पडताळायचो, आणि मोजलेल्या थप्पीवर मी खडूने फुली मारायची, म्हणजे तीच थप्पी पुन्हा मोजली जात नाही. तुझा गुडघा दुखतो हे तिथे फक्त मला माहीत होतं, आणि शिडी धरायला मला पुढे होता येत नव्हतं. एका थप्पीचा आकडा जुळेना तेव्हा सीनियर वैतागून म्हणाली, "काका, नीट मोजा ना, आम्हाला दिवसभर इथेच राहायचं नाहीये." तू तिला सॉरी म्हणालास. ती माझ्याहून थोडीशीच मोठी आहे. मी खडू धरून उभी राहिले. तिचा राग आला, पण त्याहून जास्त तुझा आला. निघताना तू सगळ्यांसाठी गाडीचं दार धरलंस, माझ्यासाठीही, आणि माझ्याकडे बघितलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून टाकलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, मोजदाद दुसऱ्यांकडून पुन्हा करून घेऊ, तुला लेखी समज देऊ, विषय संपला. फक्त दोन्ही बाजूंना विचारायची पद्धत आहे, तर गोदामवाल्यांनाही विचारून घेतो. त्यांनी स्पीकर लावला आणि मला गप्प राहायची खूण केली. खरं सांगू, मला हसू दाबावं लागत होतं. आता तू चाचरणार, मग कबूल करणार, आणि पुढे वर्षभर मी तुझी टिंगल करणार. पण तू चाचरलाच नाहीस. काल आलेली मुलगी तुमची कोण, असं त्यांनी विचारलं. तू म्हणालास, "कोणी नाही, साहेब. मला एकच मुलगी होती, ती लहानपणीच गेली."

माझ्या आधी ताई होती, हे मला मावशीने सांगितलंय. आपल्या घरात तिचा विषय निघत नाही. तू तिच्याबद्दल बोललेला एक शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता, आणि ऐकला तो असा, परक्या माणसाच्या टेबलावर. मी तिथेच रडले. खोटं बोलायचंच आहे तर त्यात थोडं खरं असावं, असं तुला वाटलं का? की ते आपोआप तोंडून आलं? कालपासून मी हेच उलटसुलट करतेय. मला नाकारलंस याचं दुःख करावं, की तिला बिचारीला माझ्यासाठी कामाला लावलंस याचं, हेच कळत नाही. साहेबांसमोर माझे कागद उघडे होते, वडिलांच्या नावासकट. त्यांनी चष्मा काढून त्या कागदांवर ठेवला.

आता मुद्द्याचं. माझी नोकरी शाबूत आहे, धोक्यात आहे ती तुझी. तपासणाऱ्यांशी जो खोटं बोलला, त्याचा एकही आकडा धरता येत नाही, असं साहेब म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही. तुझ्या मालकांना हे कळवणं त्यांना भाग आहे. मी हातापाया पडले तेव्हा एवढंच कबूल झाले, की कळवण्याआधी सोमवारी ते स्वतः तिकडे येतील आणि तोच प्रश्न तुला समोरासमोर विचारतील. मलाही आणणार आहेत. तुला आधी कळवायची परवानगी मी मागून घेतलीय, आता लपवाछपवी पुरे. मी तुला ओळखते. मला वाचवतोय अशा समजुतीत तू माझ्या तोंडावर पुन्हा नाही म्हणशील, तुझी नोकरी जाईल, आणि ते "नाही" मला दुसऱ्यांदा ऐकावं लागेल. ते माझ्याने ऐकवणार नाही, म्हणून हे पत्र. मला आता कशापासूनच वाचवायचं उरलेलं नाही, बाबा. सोमवारी ते विचारतील तेव्हा खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ, आणि सांग की मला दोन मुली. मोठी गेली. ही दुसरी.

तुझीच,
धाकटी