पायाखालची ऊब

आई, लांबूनच तुझ्या पाया पडते.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

आज मुलांना आश्रमशाळेमागच्या जंगलात अनवाणी, डोळे मिटून उभं केलं. म्हटलं, माती पायाला कशी लागते ते सांगा. पहिलीतली चिमुरडी म्हणाली, "बाई, जमीन तापलीय." तिथे तर दाट सावली होती. मी हात टेकवला आणि झटकन काढला. एक पाखरूही बोलत नव्हतं. मग गाणी म्हणत मुलांना परत आणलं.

वनरक्षकाला बोलावून ती जागा दाखवली. तो म्हणाला, "आग मुळांतून आतल्या आत पसरतेय. कुठे वर येईल, सांगता येत नाही."

उद्या मुलांना इथून हलवतोय. मी शेवटच्या गाडीने निघेन. बाबांना मात्र, वर्गातली मुलं हुशार आहेत, एवढंच सांग.

तुझीच,
बाळी