व्हाळाच्या तोंडावरची कालवं

आये, सांडपाण्याची टाकी मला खरी किती महाग पडली म्हणशील, तर तुझे चार माड आणि न्हाणीमागची केळ. परड्यात दुसरी जागाच नव्हती. तारकर्लीच्या लॉजांच्या चादरी धुऊन मी उभा राहिलो, हे पाहायला तू नव्हतीस. पुढे किनाऱ्यावरच्या छत्र्या आणि गाद्यांच्या खोळी येऊ लागल्या. त्यांना एक औषध लावायचं, की अळवावरून घसरावं तसं पाणी घसरतं. उरलेलं औषध धुण्याच्या पाण्याबरोबर टाकीत, टाकीतून व्हाळात, व्हाळातून खाडीत.

गॅरेजात कामाला होतो तेव्हा एकदा तेलकट कपडे मी न्हाणीत धुतले. तू चुलीपुढून उठून आलीस, फुंकणी हातात तशीच. म्हणालीस, "सोड ह्यां पाणी केळीक. पण केळां मगे तूच खा." मी बादली उचलून दूर नेली.

परवान्यात नवी अट आली, न विरणारी रसायनं तपासून घ्यायची. नमुना न्यायला आलेल्या मॅडमसमोर मी टाकीतल्या पाण्याचा ग्लास उजेडात धरला. "बघा, आरसा. या व्हाळाच्या तोंडावरची कालवं आम्ही घरी खातो." अहवाल घेऊन त्या परत आल्या. "काका, पाणी नितळ आहेच. पण तुमच्या टाकीतले जंतू घाण खातात, हे औषध खात नाहीत. आत गेलं तेवढं बाहेर आलंय."

"जंतूसुद्धा मालवणीच निघाले. नको ते खात नाहीत," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "आता बंद केलंत तरी गेलेलं चिखलात राहणार. ते कुजत नाही."

औषधाचं काम मी त्याच आठवड्यात बंद केलं. दोन लॉजवाले तुटले, तुटू देत. पण ओहोटीला पडवीत बसतो, तेव्हा एका कानाने पंप ऐकू येतो आणि दुसऱ्याने काकीच्या कोयतीची टकटक. तुझी धाकटी जाऊ अजून व्हाळाच्या तोंडाशी त्याच खडपावर कालवं फोडते, घरोघर विकते, त्यावरच तिचं चालतं. आज फाटकाशी आली. "मोठी मोठी तुझ्यासाठी येगळी काढलंय. तुझ्या आवशीसारखोच खवय्यो तू."

"काकी," म्हणून मी थांबलो.

"काय रे?"

"काय नाय. सगळीच दी."

घेतलेली मी मागल्या दारी पुरतो. तिला सांगायचं ते तुला लिहितोय, आणि हे पत्रही कपाटातच राहणार. औषधाचा पहिला कॅन उघडला, त्या दिवसापासून आमच्या घरात तिथली कालवं शिजलेली नाहीत.