कंप्रेसरचं बटण

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय कमलेशदादास, विनीचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. आई बरी आहे, फक्त जेवायला बसली की दाराकडे बघते. चामटोलीला वहिनीच्या माहेरी पाहुणचार झकास चालला असेल! जावयाला इतके दिवस कोण ठेवून घेतं? फोन उचलत नाहीस म्हणून तिकडे निघालेल्या शेजारच्या मिलिंदच्या हाती हे पत्र देते आहे.

दसऱ्याला तू प्रसादही न घेता कारखान्यातून निघून गेलास. त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नसणार.

पूजेला सगळी मशीनं बंद करतात, पण तू तुझे दोन्ही कंप्रेसर चालूच ठेवतोस. बंद पडलेल्याला कसला हार घालायचा, असं तुझं म्हणणं. मी हसायचे. यंदा आमच्या ऑफिसने वीज वाचवण्याच्या पाहणीसाठी मला नेमकं तुझ्याच कारखान्यात पाठवलं आणि आरतीचा स्पीकर लागायच्या आधी मी शेडमध्ये एकटी उभी राहिले. दादा, अंगावर काटा आला! एकही मशीन हवा मागत नव्हतं, तरी पत्र्याखाली चारी बाजूंनी सूं सूं चाललेलं. नळीच्या सांध्याला साबणाचं पाणी लावलं की फेस उसळायचा. तुझे कंप्रेसर जीव तोडून हवा भरत होते आणि ती अशी निसटून जात होती. एरवी मशीनच्या आवाजात हे कुणाला ऐकू येणार? तू ते चालू ठेवले नसतेस, तर मलाही आलं नसतं.

मग तुमच्या शेडमधल्या भीमरावकाकांनी आणि मी मिळून नळ्या बदलल्या, वॉशर बदलले. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मोठा कंप्रेसर टाकी भरून आपोआप थांबला. टाकीवरचा दाबाचा काटा जागचा हलेना. लोक उघडे डबे तसेच टाकून टाकीजवळ आले. जन्मभर ओरडून बोलणारे भीमरावकाका हळूच म्हणाले, "विने, गप झाला गं सगला." मला रडूच आलं. केवढी ताकद आपण रोज वाऱ्यावर सोडत होतो, आणि ती थांबल्यावर केवढी शांतता! कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. बाहेर साळुंक्या भांडत होत्या, ते ऐकत सगळे उभे.

शेठ म्हणाले, "विनिता, हम तो छेद को बिजली पिला रहे थे!" मग त्यांनी विचारलं, आता दुसरा कंप्रेसर कशाला हवा? मी म्हटलं, नकोच.

आणि एकट्या कंप्रेसरला वेगळा ऑपरेटर लागत नाही. हे माझ्याच रिपोर्टमध्ये आहे, दादा. मी दसऱ्याला शेठशी बोलत होते तेव्हाच तू ओळखलंस. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहिलं, कारण हे लिहायला हात धजेना.

नळ्यांवर कायम नजर ठेवायला माणूस लागेल, असं मी शेठना सांगितलंय. तुझं नावही घेतलंय. ते अजून हो म्हणालेले नाहीत. तुला खोटा धीर देणार नाही.

दुसरा कंप्रेसर बुधवारी कायमचा बंद होणार. शेठ मलाच बटण दाब म्हणाले. माझा हात होईना. भीमरावकाकाही मागे सरले, म्हणाले, "कमलेश येल, तोच दाबल." ये. चिडून ये, माझ्याशी बोलू नकोस, पण बटण तुझ्याच हाताने बंद कर, आणि ती शांतता एकदा ऐक.

तुझ्या नोकरीवर उठलेली, तरी तुझीच धाकटी,
विनी