रेडिओचं पुस्तक आणि वाचनालयाची ओसरी

अब्बा, तुम्ही स्टोव्ह आणि पेट्रोमॅक्स बत्त्या दुरुस्त करायचात, आणि चांद्यात घरोघरी वीज येऊ लागली तशी बत्त्यांची गिऱ्हाइकं आटत चालली होती. अशातच एका लाकूड ठेकेदाराने बंद पडलेला रेडिओ आणून ठेवला. "जमलं तं पाहा, नाई तं फेकून द्या." तुम्ही तो उघडून कितीतरी दिवस नुसते पाहत बसलात. शिकवणारं गावात कोणी नव्हतं, आणि नागपूरला जाऊन शिकायची आपली ऐपत नव्हती.

मग वाचनालयात रेडिओचं एक पुस्तक असल्याचं तुम्हांला कळलं. तिथे बसून वाचायला पैसे पडत नसत, पण पुस्तक होतं इंग्रजी. मी तेव्हा आठवीत. रविवारी तुम्ही मला सायकलवर बसवता, अम्मी दारातून विचारते, "पोरीले कुठी घेऊन चालले?" "मीच शाळेत चाललो," तुम्ही हसून म्हणता, "मास्तरीण ही हाये."

मी अडखळत वाचायची, कोशात अर्थ शोधायची. मला काही उमगत नसे. तुम्ही मात्र आकृतीवर बोट ठेवून म्हणायचात, "थांब, हे तं आपल्या डब्यात डाव्या बाजूले हाये." एकदा मी अवघड ओळ गाळली, तर तुम्ही रागावलात. "काऊन सोडली? न समजलेलीच तं वाचाची हाये." तुमचा आवाज चढला आणि वाचनालय सांभाळणारे भाऊ उठून आले. आता हाकलणार, असं वाटलं. ते म्हणाले, "चाचा, इथी बोलता येत नाई. पुस्तक घेऊन ओसरीवर बसा, जाताना परत द्या." कोशही त्यांनीच बाहेर आणून दिला.

पहिल्या खेपेला रेडिओतून नुसता धूर निघाला. तुम्ही पुन्हा सगळं सोडवलंत, आपण पुन्हा ओसरीवर गेलो. थंडी पडता पडता एके दुपारी डबा खरखरला आणि कुणी बाई गाऊ लागली. अम्मी पीठभरल्या हातांनी धावत आली. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "बेटा, आपल्याले आलं." पुढच्या दिवाळीपर्यंत दुकानात रेडिओंची रांग लागली, आणि पुढे मी भद्रावतीच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले.

हे सगळं मी मराठीत लिहिते आहे. तुम्हांला तर फक्त उर्दू वाचता यायचं. आता नोकरी संपल्यावर मोहल्ल्यातल्या मुलींच्या उर्दूच्या वर्गात मागे जाऊन बसते, फी घेत नाहीत. खरं सांगू? अजून उर्दूत 'अब्बा'च्या पुढे मला काही लिहिता येत नाही.