तेलाचा काटा

सोमवार, ३

गाडी पुन्हा हटून बसली. शर्यत रविवारी! इंजिन नातीने स्वतः बांधलंय, पंधरा दिवस खपली पोरगी. सावकाश चालवली तर तेलाच्या दाबाचा काटा जागेवर, जोर दिला की खाली. मुलगा म्हणाला, हिच्याच हातून काहीतरी राहिलंय. तसं निघालं तर हिने पुन्हा इंजिनाला हात लावायचा नाही, आणि रविवारी हिच्या जागी गाडी दुसरा चालवेल. वा रे बाप! स्वतः पहिलं इंजिन जाळलं तेव्हा मी काढला होता का घराबाहेर?

मंगळवार, ४

मुलाने काटाच बदलला. नवाही तेच सांगतो. म्हणजे जुना बिचारा खरं बोलत होता.

बुधवार, ५

जाड तेल घातलं. काटा आणखी लवकर पडला.

दुपारी जाणकार आणला. चष्मा कपाळावर, हात खिशात. वाकला नाही — इस्त्री मोडली असती. म्हणे बेअरिंग गेलं, पूर्ण इंजिन उतरवा. मी कोपऱ्यात फडकी फाडत होते. गॅरेजला फडकी चाळीस वर्षं मीच पुरवते. विकतची नुसती कागदासारखी. गेल्या महिन्यात तर माझा निळा स्वेटरही दिला. लोकर तेल कसं चटकन पिते!

म्हटलं, बेअरिंग गेलं तर खडखडेल, हे तर गप्प आहे. त्यावर तो मला म्हणाला, "मावशी, जरा पाणी मिळेल?"

मिळालं. कोमट.

गुरुवार, ६

नात शेजारी येऊन बसली. जेवली नव्हती. "आजी, पंपाला तेल ओढायलाच मिळत नसेल तर?" सावकाश असताना पुरतं, जोरात पुरत नाही, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल गाळणाऱ्या जाळीत काहीतरी अडकलंय. एवढी अक्कल त्या चष्म्याला नाही. म्हटलं, उद्या तळ उघड. बापाला मी बघते.

शुक्रवार, ७

मुलगा बाहेर गेल्यावर तळ उतरवला. जाळी गच्च! नातीने नखाने उकरलं, माझ्याकडे बघितलं, मूठ मिटली. काय निघालं विचारलं तर म्हणे, कचरा. जाळी धुऊन बसवली, इंजिन चालू केलं — कितीही जोर द्या, काटा ढिम्म.

मुलगा आल्यावर त्याला म्हणाली, "बाबा, जाळी साफ करायची माझ्याकडून राहिली."

त्याने तिथेच दुसऱ्या ड्रायव्हरला फोन लावला.

कचऱ्याचं एवढं काय लपवायचं असतं?

शनिवार, ८

तिची कामाची पँट धुवायला घेतली. मी खिसे तपासूनच भिजवते. आत चिकट काळा गोळा. साबण लावला.

निळी लोकर.

रविवार, ९

सकाळीच मुलाला सांगितलं, त्या ड्रायव्हरच्या समोर. नात गाडीत बसली. गॅरेजमध्ये बंदी आता मला. मुलगा विकतची फडकी आणायला गेलाय.