नाडी कुणाची?

मंगळवार, संध्याकाळ

बाबा आत टीव्ही बघतायत आणि मी इथे मोबाईल पालथा घालून बसलेय.

त्यांच्या छातीत दुखलं, तेव्हा नाडी मोजणारं घड्याळ मीच आणलं. ते वाशी मार्केटात कांद्याची पोती वाहतात, मी ऑफिसातून मोबाईलवर त्यांची नाडी बघते. कायम शांत. बघितलं की माझं टेन्शन जायचं.

आज चहा देताना म्हटलं, "बाबा, पोतं उचलतानासुद्धा तुमची नाडी वाढत नाही हां!"

ते हसले. "अगं, वझं उचलताना मनगटावर काय ठिवत न्हाईत. सुतळीत अडाकतंय. सकाळीच चहावाल्या तुकाकडं देतो. हरवाय नको म्हनून त्यो हातात घालून बसतो."

म्हणजे इतके दिवस मी तुकाकाकांची नाडी बघत होते? आणि बाबांची? ती कोण बघत होतं? परत दुखलं असेल तरी सांगायचे नाहीत ते.

घरी आल्यावर घड्याळ चार्जिंगला लागतं. आज मी ते काढून त्यांच्या मनगटाला बांधलं. मागचा हिरवा दिवा लुकलुकला.

मोबाईल अजून पालथाच आहे. आता दिसेल ती बाबांचीच असेल.